लांब फळी की आखूड फळी

अमरावती,
रविवार, दुपार

आदरणीय माणिकताई,

सप्रेम जयभीम. इकडे मी आन् विशाखा, आमी दोघं बरे आहो. अकोल्यात तुह्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे तुह्या लेकीनं कळवलं. (डॉक्टरनं वाचू नको म्हटलं असेल तर हे पत्र शेजारणीकडून वाचून घेऊ नको. पट्टी सुटेपर्यंत थांब, पण स्वतःच वाच.)

मजकूर असा की, तुह्या लेकीनंच मले पेचात टाकलं. मालवणले नोकरी लागल्यापासून आकांक्षा मागं लागली होती, मामा, तुमी आन् मामी समुद्रावर या. शेवटी मी हो म्हटलं. तर तिचा मेसेज आला, की लाटेवर उभं राहाले शिकवणाऱ्या माणसाकडे तुमचं नाव दिलं, लाँगबोर्ड ठेवू की शॉर्टबोर्ड ते सांगा. लाँगबोर्ड म्हणजे नऊ फुटांची रुंद फळी. सावकाश चालते, नवशिक्याले सांभाळून घेते. शॉर्टबोर्ड सहा फुटांची, झटकन वळते, पण पडणाराची वाट पाहत नाही. मी पाच फूट दोन इंच. उंची पाहता आखूडच आपली, असं मी ठरवून टाकलं. (खरं कारण वेगळं. व्हिडिओत आखूड फळीवरचे लोक पाण्यातून उडून राहिले होते, आन् लांब फळीवरचे रिटायर झाल्यासारखे दिसत होते. मले रिटायर होऊन चारच महिने झाले.)

सरावासाठी भातकुलीकडे पंजाबरावांच्या शेततळ्यावर गेलो. ते माह्या शाळेत गणित शिकवत, आता कपाशी पेरतात. शाळेच्या जुन्या बाकाची फळी हा शॉर्टबोर्ड, गोठ्याचं काढून ठेवलेलं दार हा लाँगबोर्ड, दोन्हीखाली थर्माकोल बांधलं. मले पोहता येत नाही म्हणून पंजाबरावांनी कमरेले दोर बांधून दुसरं टोक मोटरच्या खांबाले अडकवलं. म्हणाले, "बैल असाच बांधतो मी. आजवर एकही गेला नाही." बाकाच्या फळीवर मी चारदा चढलो आन् पाचदा पडलो. हे कसं झालं ते पंजाबरावांनाही सांगता आलं नाही, आन् ते गणिताचे. मग दारावर पालथा झालो. दार काहीच बोललं नाही. अकरा आकडे मोजेपर्यंत त्याच्यावर उभाही राहिलो. मग पाय थरथरले म्हणून उताणा झालो.

ताई, तिथून पुढचं नीट सांगता येत नाही. कानात पाणी, म्हणून बाहेरचं सारं बंद. वर नुसतं आभाळ. पाणी हलत नव्हतं, पण दार हळूहळू फिरून राहिलं होतं, आन् त्याच्यासोबत आभाळही. आपण नकाशात ज्या भागात नुसता निळा रंग भरतो आन् पुढं जातो, त्या भागात मी येऊन पडलो आहे, असं वाटलं. तिथं ना गाव, ना रस्ता. माहे पाय कुठं संपतात हे कळेनासं झालं, आन् ते कळावं असंही वाटेना. झोप लागली.

पंजाबराव चहाले गेले होते. कपाशी वेचणाऱ्या बायांले दिसलं ते असं : गोठ्याच्या दारावर माणूस, डोळे मिटलेले, कमरेले दोर. त्यांनी पंजाबरावांच्या घरी सांगितलं, तिथून आमच्या घरी फोन गेला. मी जागा झालो तेव्हा काठावर पंचवीस माणसं आन् मधात विशाखा. मी हात हलवला. बाया चार पावलं मागं सरल्या. विशाखा मले घरी घेऊन आली. दाराशी चप्पल काढताना म्हणाली, "किती वेळ होते त्याच्यावर?" मी म्हटलं, तासभर असेल. ती म्हणाली, "मग मलेही न्या."

नेलं. दोर मीच धरून बसलो. ती आडवी झाली ती पाण्यावर सावली येईपर्यंत उठली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "लांबच सांगा." तेव्हा लांबच सांगितली.

तुहा लहान भाऊ,
धम्मदीप

ता. क. : मामाले पोहता येते, असं आकांक्षाले मीच बोलून बसलो. ते तू तिले तुह्या तोंडानं सुधारून सांग.

ता. क. दुसरं : तिकिटं तीन काढली आहेत, तिसरं तुहं आहे. गुडघे दुखतात म्हणशील, पण आडवं पडाले गुडघे लागत नाहीत. आन् फळीसाठी बोलावत नाही तुले. दर्यापूरच्या शाळेत भूगोल शिकवाले लागलो, पहिल्याच वर्षी एका पोरीनं विचारलं, सर, तुमी समुद्र पाहिला का? मी हो म्हटलं. मग एकतीस वर्षं पोरांले त्याचं वर्णन सांगत गेलो, शेवटी शेवटी तर त्यात वासही आला. लग्न ठरताना विशाखालेही तेच सांगितलं होतं. खरं फक्त तुले माहीत आहे. म्हणून मालवणले उतरल्यावर तू तिले घेऊन चहाच्या टपरीवर जा. दहा मिनिटं पुरे. तेवढ्यात मी एकटा पाहून येतो.