बाईंनी अडवलेली स्पर्धा

बाई,

आज तुमच्या शाळेत जाऊन आले. चंद्रपूरहून भद्रावतीची बस धरली, उजव्या हाताने बॅग वरच्या फळीवर टाकली आणि खिडकीशी बसले. खेळणाऱ्या मुलींचा सत्कार होता, मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका भाऊंनी माझी ओळख करून दिली. माइकवर म्हणाले, "आपल्या कॉलनीची पोरगी. टेनिसमधी लय वर गेली असती. बाईनं अडवलं नसतं तं आज कुठच्या कुठी असती!" टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून बसले.

कारखान्याच्या कॉलनीतलं, क्लबमागचं सिमेंटचं कोर्ट आठवत राहिलं. संध्याकाळी तिथे साहेबलोक खेळायचे, म्हणून आपल्या वाट्याला पहाट. कॉलनीच्या रस्त्यावर वाघ दिसल्याची बातमी आली की तुम्ही मला आणायला स्वतः दारात हजर. तुम्ही मूळच्या टेनिसच्या नव्हत्याच, भालाफेकीच्या. साहेबांचा खेळ जाळीबाहेरून बघून शिकलात आणि मला शिकवलंत. बॉल मात्र नेहमी खालून टाकायच्या. वर्गातही फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायच्या. आम्हा पोरींना वाटायचं, बाई ठेंगण्या आहेत म्हणून. खेळून झालं की तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसवून उकडलेली अंडी आणि जवसाच्या चटणीशी भाकर. "खाय. सर्व्हिस हातातून नाई, पोटातून येते," असं म्हणत तुम्ही चुलीकडे वळायच्या.

नागपूरच्या स्पर्धा झाल्या, मग पुण्याच्या अकादमीने मला घेतलं, आणि मी व्यावसायिक खेळाडू झाले. लोकांना वाटतं, विमानं आणि झगमगाट. प्रत्यक्षात दुसऱ्या एका मुलीसोबत वाटून घेतलेली खोली, बेसिनमध्ये धुतलेले कपडे, आणि पहिल्याच फेरीत हरल्यावर परक्या गावात काढायचा उरलेला आठवडा. तरीही मी वर सरकत होते. एका मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत नाव लागलं. त्याआधी थोडे दिवस घरी आले आणि तुमच्यासमोर कोर्टवर उतरले. काही सर्व्हिस झाल्या असतील, तुम्ही जाळी ओलांडून आलात.

"खांदा दुखून राह्यला न? मंग काऊन खेळून राह्यली?"

दुखणं सुया घेऊन दाबलेलं होतं. तुम्ही मला नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलंत. ते म्हणाले, स्नायू फाटायला लागलाय, आत्ताच थांबली नाही तर हात कायमचा जाईल. अकादमीच्या कोचचा फोन आला: एवढी स्पर्धा खेळून घे, अशी संधी पुन्हा नाही, आराम नंतर करता येतो. त्या संध्याकाळी बाबा आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात बसलोय. मी रडतेय. तुम्ही उजवा हात वर उचलता. तो खांद्याशी येऊन अडकतो.

"पाह्य. याच्यावर नाई जात. मलेही असंच सांगतलं होतं, एक स्पर्धा मार, मंग आराम कर. केस विंचराले आजही बहीन लागते मले."

बाबा म्हणाले, "बाई, तुमी म्हनान तसं."

"पोरगी नाई खेळत," तुम्ही म्हणालात.

मी खेळले नाही. खांदा सांधला, पण परतले तेव्हा सर्व्हिसमधला जोर गेला होता. मी ज्यांना हरवायचे त्या मुली पुढे निघून गेल्या. आणखी काही हंगाम पात्रता फेऱ्यांत घासले, मग रॅकेट ठेवली. एका फाट्यावरच्या शाळेत खेळशिक्षिकेची नोकरी मिळाली. कॉलनीत बोलणी सुरू झाली, बाईनं पोरीचं नशीब बुडवलं. भाजीबाजारात बायका तुमच्याशी तुटक बोलतात हे आईने मला सांगितलं होतं. तुम्ही कधीच नाही.

शेवटी तुम्हाला सिंदेवाहीला भावाकडे नेलं, तेव्हा भेटायला आले. पार वाळला होतात. मला वाटलं, आज विचाराल, माझं चुकलं का गं? तुम्ही विचारलंत, "खांदा कसा हाय?"

"बरा आहे, बाई."

"वर जाते?"

मी हात वर केला, पूर्ण. तुम्ही बघत राहिलात आणि मग भिंतीकडे कूस वळवलीत. तुम्हाला समाधान वाटलं की तुम्ही रडलात, ते मला दिसलं नाही. महिन्याभरात तुम्ही गेल्याचा निरोप आला.

आज त्या भाऊंना उत्तर देता आलं असतं. माइक माझ्याही हातात आला होता. मी मुलींना मेहनतीबद्दल चार वाक्यं सांगितली आणि खाली बसले. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मला ठाऊक आहे. तुमचा अडकलेला हात मी पाहिलाय. हे सगळं ठाऊक असूनही, टीव्हीवर ती स्पर्धा लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी पोस्टात टाकलं नसतं. तुम्ही बरोबर होतात, एवढं एक वाक्य त्यात हवं होतं. परत आल्यापासून बसलेय, ते अजून लिहून होत नाही.