सुई टोचताना

३ मार्च, सोमवार
टोचली! दोन्ही सुया टोचल्या आणि मी रडले नाही!!

शुक्रवारी मी डायलिसिसच्या दारातून परत फिरले होते. सुईच्या भीतीनं. मग शनिवार-रविवार अंगावर सूज, जिना चढताना धाप. आज नर्स वान्या तडकलीच — "रोसित्साताई, पुन्हा दांडी मारलीत तर भेटायला मी नाही, पाद्री येतील!" आणि फोनमध्ये ध्यानाचं ॲप घालून दिलं. म्हटलं, खूळ आहे. तरी कानात घातलं. एक बाई बोलते. श्वास आत, श्वास बाहेर. तळवे कुठे टेकलेत, तिकडे लक्ष द्या. दिलं — मोजा उसवलाय हे कळलं — तेवढ्यात वान्या म्हणाली, "झालं."

झालं!

५ मार्च
पुन्हा जमलं!! शेजारच्या खुर्चीवरचे मिन्कोकाका मात्र पिच्छा सोडत नाहीत. जन्मभर बंदरावर क्रेन चालवली, आवाज अजून तसाच दणदणीत. मार्च लागला की आमच्याकडे तब्येतीसाठी मनगटावर बांधतात तो वसंत ऋतूचा लाल-पांढरा धागा त्यांनी डायलिसिसच्या यंत्रालाच बांधलाय. "काय गं, तुझ्या फोनवालीला विचार, पथ्यात बंद केलेलं खारं चीज पुन्हा कधी खायला मिळणार?"

७ मार्च
घरी भांडी घासतानाही श्वास. झोप लागली.

१० मार्च, सोमवार
आज वेगळंच झालं!

मध्येच काकांचं यंत्र केकाटलं. रक्तदाब खाली. चेहरा पांढराफटक. वान्या खुर्ची आडवी करत होती आणि काकांनी माझा मोकळा हात घट्ट धरला. हा माणूस घाबरतो?! त्यांना ऐकू कमी येतं, फोनचा काय उपयोग. म्हणून मीच ओरडत सुटले — "काका, श्वास आत! सावकाश! आता बाहेर! तळवे कुठे आहेत?" "बुटात!" म्हणाले. वान्या हसली. हळूहळू गालांवर रंग आला.

वर बघते तर समोरची सगळी रांग डोळे मिटून श्वास घेतेय. एक म्हातारी चक्क घोरत होती!

१२ मार्च
काका: "आज फोन नको, तूच बोल. ती पोरगी फार हळू बोलते. तुझं कसं, मास्तरणीसारखं — ऐकावंच लागतं."

बोलले. अख्ख्या खोलीसाठी!

१४ मार्च, शुक्रवार
डॉक्टरीणबाई आल्या. "ॲपनं किडनी बरी होत नाही हं. पण तुम्ही आता न चुकता येताय, पूर्ण वेळ बसताय." मग खुर्ची ओढून जवळ बसल्या. "ऑपरेशनचं पुन्हा बोलायचं का?"

धाकट्या भावाची, कामेनची किडनी मला जुळते. तपासण्या कधीच झाल्यात. पण ऑपरेशन म्हटलं की माझी छाती आवळायची. मी नाही म्हटलं, तो फोन करत राहिला, मी विषय बदलत राहिले.

आजही आवळली. मी तिला आवळू दिलं. थोड्या वेळानं सैल पडली — आपोआप! म्हटलं, "बोलू या."

मिन्कोकाकांनी नेमकं तेवढंच ऐकलं. "शाब्बास! तुझी खुर्ची खिडकीजवळची आहे, ती मी घेणार!"

१६ मार्च, रविवार
कामेनला फोन केला. "घेते रे तुझी किडनी. ये."

तो अगदी लहानपणीच्या आवाजात — "ताई, आता मलाच भीती वाटायला लागली."

म्हटलं, "मलाही वाटते. ये तू. दोघं मिळून घाबरू."