थोरल्याच्या पपनसाची पाटी

मी खाली सही करणारा, वय सत्त्याहत्तर, रोपवाटिकेचा मालक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांनी तपासले. कान सोडून सगळे जागेवर आहे, असे म्हणाले.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलाला. त्याने आधी छपराची गळती काढावी. दहा वर्षे नुसते "बघतो, बाबा" ऐकत आलो आहे.

२. रोपवाटिका, विहीर व कलमाचा चाकू माझ्या भाचीला. चाकू मुळात तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा. मुलाने यावर नाक मुरडू नये.

३. विहिरीजवळच्या जुन्या पपनसाच्या एकाच फांदीला आतून गुलाबी, जराही कडू नसलेले फळ येते, हे धाकटीने शोधले. त्या फांदीचे डोळे, म्हणजे कोंब, दुसऱ्या रोपांवर भरून पहिली सहा कलमेही तिनेच केली. मी ते फळ प्रदर्शनात मांडले आणि नाव दिले "थोरल्याचं पपनस". ती म्हणाली, "दादा, मला विचारायचं तरी!" मी म्हणालो, "घरातल्या घरात काय विचारायचं?" त्यानंतर बारा वर्षे ती माझ्याशी बोलली नाही, आणि मग गेलीच. मी हट्टाला पेटलेलो, मीही बोललो नाही. याची मला लाज वाटते.

४. ती गेल्यापासून त्या झाडावरची, या नावाची पत्र्याची पाटी रोज सकाळी उलटी सापडते. मुलगा म्हणतो, "वारा असतो, बाबा." मी पाटी दोन तारांनी आवळली, वर खिळा ठोकला. सकाळी खिळा खाली पडलेला, पाटी उलटी. मला भीती वाटते. आता तिथे मी एकटा जात नाही.

५. म्हणून परवा नवी पाटी लावली, "धाकटीचं पपनस". वाटले, सुटलो एकदाचा. काल सकाळी तीही उलटी. मग डोक्यात प्रकाश पडला. याही वेळी मी तिला विचारले नव्हते.

६. आज विचारले. एकटाच गेलो, झाडाखाली उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "धाकटे, काय नाव ठेवू गं?" माझे कान गेलेले. उत्तर आले असेल तर मला कळले नाही. भाचीचे कान चांगले आहेत. तिने रोज सकाळी विचारावे. उत्तर ऐकू येईपर्यंत पाटी कोरी ठेवावी.

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. शेजारच्या शिक्षिका (सही)
लिहून देणार: थोरला (सही)
स्थळ: विहिरीजवळ, झाडाखाली
दिनांक: कोरी पाटी लावली तो शुक्रवार