आमच्या घरातला मोबाईलमुक्त तास

२१ जुलै, सोमवार
हेडमास्तर मोतीलाल सरांनी शाळेच्या ‘डिजिटल आरोग्य’ उपक्रमाचा प्रमुख म्हणून माझं नाव दिलं. योग्य निवड. सुरुवात स्वतःच्या घरापासून. उद्यापासून रोज संध्याकाळी तासभर मोबाईल बंद, फक्त गप्पा. रूपालीशीही नीट बोलणं होईल. पोरीची बारावी झाली, आता कॉलेजला जाईल.

२२ जुलै
पहिला तास यशस्वी. सगळ्यांचे मोबाईल कपाटात. माझा बाहेर, कारण फोटो लोकेशनसह अपलोड करावा लागतो. परत परत काढला. बायको, कोकिळा, हसतच नव्हती. रूपाली म्हणाली, पप्पा, कॉलेजबद्दल बोलायचंय. म्हटलं, एक मिनिट. नेट स्लो. मग जेवायची वेळ झाली.

२४ जुलै
पालकांच्या ग्रुपवर फोटोला अंगठेच अंगठे. रूपाली पुन्हा शेजारी येऊन बसली. मी पालकांना उत्तरं टाइप करत होतो, विषय ‘मुलांचं ऐकून घ्या’. लक्ष होतंच माझं. तरी आई म्हणाली, "पोर कव्हयनी बशेल शे, तिनी गोट ऐक ना रे भाऊ." म्हणे पोरगी कधीची बसलीय, तिचं ऐक! जुन्या लोकांना मल्टिटास्किंग कळत नाही.

२८ जुलै
कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा शेवटचा दिवस. मोबाईलमुक्त तासातच भरून टाकला. पुणे पहिलं. जळगाव अगदी शेवटी, नावाला. रूपाली शेजारीच बसली होती. एवढा मोठा निर्णय, पण घरात एका शब्दाचा वाद नाही! संवाद असला की असं होतं.

१६ ऑगस्ट
पुणे मिळालं! मायलेकींना चोपडा स्टँडवर एसटीत बसवलं. मला सुट्टी नाही, उपक्रमाची तपासणी. रूपाली खिडकीतून काहीतरी म्हणाली. मी फोटो घेत होतो.

२० ऑगस्ट
कोकिळा एकटी परतली. भाकरी थापता थापता म्हणाली, पोरीला जळगावलाच शिकायचं होतं. दर रविवारी घरी येता आलं असतं. हॉस्टेलवर फार रडली म्हणे.
मी चिडलो. मला का नाही सांगितलं?
कोकिळा म्हणाली, सांगायलाच बसायची ना ती तुमच्याजवळ.
जेवण गेलं नाही. फार वाईट वाटतंय.

२१ ऑगस्ट
शाळेतून आल्या आल्या मीच फोन लावला. ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं. करमत नसेल तर परत ये, वर्ष गेलं तरी चालेल.
रूपाली म्हणाली, मी बरी आहे, पप्पा. तुम्ही कामात असाल, ठेवते.
मी कामात नव्हतो.