सायकल घेऊन रेंगाळणारा इसम

चि. ठकूस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. तुझी सर्दी गेली असेल, जावईबापूंची पाठ सरळ झाली असेल, असं धरून चालतो. आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे तू कौतुकाने पाठवलेला तुझा तो कंपनीचा अहवाल वाचेपर्यंत होतो.

भाड्याच्या सायकलींच्या कंपनीत तुला नोकरी लागली तेव्हा गल्लीभर मीच सांगत सुटलो होतो. चांगले पांग फेडलेस. गिऱ्हाइकांचे म्हणे तू तीन गट पाडलेस. वर्षाचा पास काढून सकाळी कामावर पळणारे ते शहाणे, सुट्टीला पोरंबाळं घेऊन तळ्याकाठी भटकणारे ते हौशी, आणि उरलेले 'रेंगाळे'. (हे तू म्हणावंस? शाळेत जाताना बुटाची नाडी बांधायला तुला अर्धी सकाळ लागायची.) रेंगाळ्यांचा नमुना म्हणून दिलास कोण, तर टपाल कचेरीसमोरच्या स्टँडवरून रोज सायकल घेऊन वाचनालयापर्यंतच्या हाकेच्या अंतराला पाऊण तास लावणारा एक इसम. तुला नाव दिसत नाही, नुसते आकडे दिसतात, हे मान्य. पण अगं, तो इसम तुझा सख्खा मामा आहे! आणि वर शिफारस काय, तर असल्या लोकांपायी सायकली अडकतात, सबब तो स्टँडच उचलावा.

मी तडक तुमच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात विचारलं, सायकल नादुरुस्त आहे का. मी म्हटलं, ठणठणीत आहे. मग तितक्याच गोड आवाजात तिने विचारलं, तर मग तक्रार कसली, आजोबा. माणूस सायकल नेऊन काय करतो हे त्याला न विचारता त्याच्यावर शिक्के मारता, याला शिक्षण म्हणायचं का?

तुझा (रेंगाळा) मामा

ता. क. खरं म्हणजे मी सायकलवर बसतच नाही. गेल्या थंडीपासून गुडघे ऐकत नाहीत. हँडल धरलं की तोल राहतो. काठी घेतली की लोक कीव करतात, सायकल धरली की फक्त "काका, पंक्चर का?" म्हणतात आणि मी हो म्हणतो. स्टँड गेला तर माझं वाचनालय सुटलं, तिथली चार माणसंही सुटली. तेवढा राहू दे, बाळा. मामीला सांगू नकोस, ती मला घरात बसवेल.

ता. क. (मामीकडून) पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहिते. स्टँड हलवू नकोस गं. मी रोज गच्चीतून बघते. काठी केव्हाच आणून कपाटामागे ठेवलीय, पण द्यायचा धीर होत नाही. सायकल हातात असली की कसे ताठ चालतात. परवा वळणावर तर चक्क घंटी वाजवली त्यांनी.