ह्यांच्या नावाची मतपत्रिका

१५ एप्रिल २००३

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीसाठी पोस्टाने दोन मतपत्रिका आल्या. एक माझी, एक ह्यांची — जयंत मोकाशी! जाऊन आठ महिने झाले. गुडघ्यांमुळे ह्यांनी दोघांचंही मत कायमचं पोस्टाने करून घेतलं होतं. कौन्सिलचा गलथानपणा, दुसरं काय! फोन करून कळवायला हवं.

१६ एप्रिल

फोन केला नाही.

लायब्ररीतून आणलेलं चिलीचं पुस्तक वाचते आहे. राष्ट्राध्यक्ष बाल्मासेदा, १८८६ ते ९१. शेजारी डिक्शनरी. हे असते तर जेवताना विचारलं असतं, "आज कुठल्या देशात, मॅडम?"

तिथे पूर्वी मतदाराला नोंदणीचा कागद मिळायचा. तो विकत घेऊन भलताच माणूस मत देऊन यायचा. बाल्मासेदा आधी मंत्री होता, तेव्हा निवडणुकांत सरकारचा हात असल्याची ओरड होतीच. पुढे आपल्यामागे आपलाच माणूस बसवतोय म्हणून काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, उलटली, आणि युद्धच पेटलं.

१९ एप्रिल

ह्यांचा मित्र सतीश येऊन गेला. आमच्या वॉर्डातून उभा आहे. टेबलावरचं पाकीट त्याने पाहिलंच.

"वहिनी, जयंतचं मत मलाच होतं. मला प्रॉमिस केलं होतं त्याने!"

"हो. आणि तुमच्या लीफलेटमधल्या चुका काढायचंही."

हसला. मग हळूच म्हणाला, "त्याची सही तेवढी करा. सहीला साक्षीदार लागतो, तर अरुणा आहे. घरातली गोष्ट घरात." अरुणा त्याची बायको.

खोटं नाही बोलला. ह्यांनी शब्द दिला होता, माझ्यासमोर.

२१ एप्रिल

वाणसामानाच्या यादीमागे ह्यांची सही करून पाहिली. हुबेहूब!

किती दिवसांनी पाहिली ही सही. पुन्हा काढली. मग चार वेळा.

२४ एप्रिल

पुस्तक संपलं. बाल्मासेदा युद्ध हरला, अर्जेंटिनाच्या वकिलातीत लपून राहिला. मुदत संपण्याची तारीख उलटू दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःला गोळी घातली. माणूस कसा का असेना — आपली मुदत कधी संपली, हे त्याला कळलं होतं.

माझं मत पोस्टात टाकलं. सतीशलाच दिलं. एकच.

२८ एप्रिल

पुस्तक परत केलं. खुणेसाठी आत ठेवलेलं पाकीट काउंटरवरच्या बाईने नाव वाचून काढून दिलं. "युअर हजबंड्स?"

"येस," म्हटलं. मतपत्रिका कोरीच होती.

२ मे

सतीश सहा मतांनी पडला. त्याचा फोन आला.

म्हणाला, "जयंत धरला तरी पाचने पडलो असतो, वहिनी. जेवायला या रविवारी."

९ ऑक्टोबर

कौन्सिलचा फॉर्म आला. घरातल्या मतदारांची नावं छापलेली असतात, जो नसेल त्याच्यावर रेघ मारून सही करायची. दर वर्षी येतो. गेल्या ऑक्टोबरातही आला होता, हे जाऊन दोन महिने झाल्यावर. मी दोन्ही नावं तशीच ठेवून सही केली होती. कौन्सिलची चूक नव्हतीच.

आज पट्टी घेऊन रेघ मारली. सरळ.