पुढं काय येईल ते ओळखा

३ नोव्हेंबर १९४३, ईट
शाळा सुरू. शांतलिंगअप्पांनी दुकानामागची खोली दिली. पोरांच्या घरून पाळीपाळीनं भाकरी. महिनाअखेर गाव पोरांची परीक्षा बघणार आणि मला कायम करणार. करणारच! या मुलखात एवढ्या लहान पोरांना अल्जेब्रा कोण शिकवतंय? माझं स्वतःचं अल्जेब्राचं पुस्तक निम्मं वाचून झालंय. उरलेलं आठवड्यात उरकायचं.

५ नोव्हेंबर
सिस्टिम तयार. आधी क्रम ओळखायचा, अल्जेब्रातली अक्षरं मग. दाणे मांडले: हरभरा, तूर, करडई, हरभरा, तूर, करडई. पुढं काय? पोरं ओरडली, हरभरा! मग क्रम खाऊन टाकला. करडई तेवढी उरली.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
आज अक्षरं काढणार होतो. बोलता बोलता परंड्याच्या जुन्या नोकरीवर गेलो. तिथल्या हेडमास्तराशी कसा भांडलो, कसा तडक निघालो. मग कुर्डुवाडीच्या वखारीतली नोकरी. तिथंही तसंच. पोरं रंगली. सुटल्यावर अप्पांच्या नातीला, चन्नम्माला म्हटलं, बस, आणखी एक सांगतो. म्हणाली, आई हाक मारतीय. मला काही ऐकू आली नाही.
एकांत बरा. वाचन होतं. आज झालं नाही.

१६ नोव्हेंबर
अप्पा डोकावले. म्हणाले, मास्तर, पोरं पाढे कवा म्हणणार? दाणे तर आमच्या कोंबड्या बी मांडतेत. मी म्हणालो, मग कोंबड्याच पाठवा. आवाज थोडा चढला. भांडण नव्हे, विचारविनिमय.
आज भाकरीची पाळी अप्पांची होती. आली नाही. विसरले असतील.

२० नोव्हेंबर
ठरलं. इथंच राहायचं. भिंतीत खिळा ठोकून सदरा टांगला. असा खिळा आजवर कुठंच ठोकला नव्हता. पुस्तक उद्यापासून.

२८ नोव्हेंबर
परीक्षा. सगळा गाव पारावर. चन्नम्माला म्हटलं, तुझ्या मनानं एखादा क्रम सांग. एका दमात म्हणाली, गुरुजी परंड्याला आले, भांडले, गेले. कुर्डुवाडीला आले, भांडले, गेले. ईटला आले, भांडले... गोरोबा पाटलांनी विचारलं, अन् पुढं गं? सगळी पोरं एका सुरात ओरडली, गेले!
सगळा पार हसून लोळला. अप्पा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, शिकवलंय लई झ्याक. पण जाणारा मास्तर कायम कसा करावा?
मी म्हणालो, मी कुठं चाललोय? हशात कुणाला ऐकू गेलं नाही.

२९ नोव्हेंबर, पहाट, भूमच्या वाटेवर
पोरांचं बरोबर आलेलं उत्तर गुरुजीनंच चुकवणं शोभत नाही, म्हणून निघालो. चन्नम्माच्या दारावरून मुद्दाम सावकाश. दोनदा खोकलो. कुणी उठलं नाही.
झोपू देत. आज शाळा नाही.